लातूर की धाराशिव: दक्षिण मराठवाडा पाहताना मुक्काम कोठे ठेवावा?

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न असा आहे. डिसेंबरच्या अखेरीस चार दिवस मोकळे आहेत, बरोबर शाळेत जाणारी दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई आहे, गाडी स्वतःची आहे. आईंची कुलदेवता तुळजाभवानी असल्यामुळे तुळजापूर व्हायलाच हवे, मुलांना किल्ले पाहायचे आहेत आणि रोज सामान बांधण्याची कोणाचीच तयारी नाही. एकाच शहरात खोली घेऊन सकाळी निघायचे आणि संध्याकाळी तेथेच परतायचे, असा त्यांचा विचार आहे. ओळखीच्या सर्वांनी त्यांना लातूर सुचवले, कारण ते मोठे शहर आहे आणि तेथे चांगली हॉटेले आहेत. धाराशिवचे नाव मात्र कोणी घेतले नाही, तेव्हा तेथे राहणे शहाणपणाचे ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर धाराशिव असे आहे. गेली बावीस वर्षे मी या दोन जिल्ह्यांत कुटुंबांच्या आणि शाळांच्या सहली आखून देतो. लातूरविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही, उलट माझे निम्मे काम तेथूनच चालते. परंतु मुक्कामाचे गाव त्याच्या आकारावरून ठरवू नये. आपल्याला जेथे जायचे आहे ती ठिकाणे त्या गावाच्या कोणत्या बाजूला आहेत, आणि त्यांपैकी कोठे पहाटे पोहोचणे आवश्यक आहे, या दोन गोष्टी पाहूनच तो निर्णय घ्यावा. हे मी एका चुकीतून शिकलो, ती पुढे सांगतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणावा. धाराशिव आणि लातूर यांच्यात सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरचे अंतर आहे. १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत दोन्ही मुलूख एकाच जिल्ह्यात होते. त्यामुळे जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही त्यांची सरमिसळ होते आणि पाहुण्यांना वाटते की एका ठिकाणी राहून दोन्ही सहज होतील. प्रत्यक्षात तुळजापूर, नळदुर्ग, तेर, परंडा आणि येडशीचे रामलिंग ही ठिकाणे धाराशिवभोवती आहेत, तर औसा, खरोसा, निलंगा, उदगीर, अंबाजोगाई आणि परळी ही लातूरभोवती आहेत. तेर दोन्हींच्या मधोमध असल्यासारखे भासते, पण तेही धाराशिवलाच जवळ आहे. प्रश्नात तुळजापूर आणि किल्ले ही दोन नावे आली, तेथेच माझ्या मते पारडे झुकले.

तुळजापूरपासून सुरुवात करतो, कारण या प्रवासाचे कारणच ते आहे. धाराशिवहून तुळजापूर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे आणि गाडीने अर्धा तास पुरतो. लातूरहून औसा आणि उजनीमार्गे जाणारा रस्ता चांगला आहे, पण अंतर पंच्याहत्तर किलोमीटरच्या घरात जाते आणि पहाटेच्या दाट धुक्यात सव्वा ते दीड तास धरावा लागतो. देवीच्या दारी पहाटे पोहोचणे आणि नऊ वाजता पोहोचणे यांतला फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. वयस्कर माणसासाठी तर हा फरक निर्णायक असतो. मंदिर सखल भागात असल्यामुळे महाद्वारातून बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, गोमुख आणि कल्लोळ तीर्थ करून पुढे जावे लागते आणि परतताना तेवढेच चढावे लागते. गारव्यात आणि कमी गर्दीत हे सारे आईंना झेपेल, पण उन्हात रांगेत ताटकळल्यानंतर ते जड जाईल. धाराशिवला राहिल्यास साडेचारला उठून देवीला जाता येते आणि नाश्त्याला खोलीवर परतून आईंना दुपारभर विश्रांतीही देता येते. लातूरहून हे जमत नाही. तेथून आईंना घेऊन निघालात की दिवसभर त्या गाडीतच राहतात.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा या दिवशी तुळजापूर शक्यतो टाळावे. पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी देवीची मोहनिद्रा असते. त्या दिवसांत मूर्ती सिंहासनावर नसते, पलंगावर निद्रिस्त असते आणि दर्शन त्याच रूपात घडते. शारदीय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा आणि दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा असते. मूर्ती वर्षातून तीन वेळा जागेवरून हलते, अशी उदाहरणे फार थोडी सापडतील. काही भाविक मुद्दाम त्याच काळात येतात, तर काहींना अभिषेक करता आला नाही म्हणून हळहळ वाटते. आईंच्या मनात अभिषेक असेल तर निघण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे, कारण डिसेंबरची अखेर आणि मोहनिद्रा काही वर्षी एकमेकांना भिडतात.

आता ती चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मोठ्या कुटुंबाला लातूरला उतरवले आणि एकाच दिवसात तेर आणि परंडा आखून दिले. कागदावर ते सुरेख दिसत होते. परंडा लातूरहून बार्शीमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे, आणि त्यात तेरचे तीन तास. तेर घाईत उरकले, परंड्याच्या दरवाजात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते आणि तटावर चढेपर्यंत पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. परतीच्या वाटेवर त्या घरातल्या आजींना गाडी लागली. ढोकीच्या पुढे दोनदा थांबून रात्री साडेअकराला आम्ही लातूरला पोहोचलो, तेव्हा जेवण मिळण्याची वेळही टळून गेली होती. चूक सर्वस्वी माझी होती. मी किलोमीटर मोजले, पण संध्याकाळ मोजली नाही. तेव्हापासून माझा दंडक असा आहे की घरात वयस्कर माणूस असेल तर परतीचा शेवटचा टप्पा तासाभराहून मोठा नसावा. तुमच्या यादीला हा नियम लावला तर लातूर आपोआप मागे पडते.

परंड्याविषयी एक युक्ती सांगतो. ते मुक्कामाच्या हिशेबात धरूच नये. पुण्याहून धाराशिवला येताना टेंभुर्णी, कुर्डुवाडी आणि बार्शी लागतात, आणि कुर्डुवाडीच्या पुढे थोडी वाकडी वाट केली की परंडा येते. पहिल्या दिवशी पहाटे पुणे सोडल्यास अकराच्या सुमारास किल्ल्यात असाल आणि दुपारी बार्शीला भगवंताचे दर्शन घेऊन दिवेलागणीपूर्वी धाराशिवला पोहोचाल. मुलांना हा किल्ला नक्की आवडेल. तो भुईकोट आहे, त्यामुळे चढण नाही. भोवती खंदक आहे, दुहेरी तट आहे आणि बुरुजांवर तोफा अजून आहेत. विजापूरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ तेथे जाण्यापूर्वी याच किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती येथून नेली, हे सांगितले की मुले तोफांना हात लावून पाहू लागतात. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवून काही काळ येथूनच राज्य चालवले. आज गावाच्या कडेला शांत पडलेली ही जागा एके काळी राजधानी होती.

तेरसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धाराशिवहून तेथे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते, तरी मोठ्या सहली ते टाळतात, कारण लांबून पाहण्यासारखे काही उभे नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची आणि तेथला माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. गावातले त्रिविक्रम मंदिर तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळले. समोरचा मंडप ओलांडून बाजूने मागे गेलात की विटांची भिंत गोलाकार वळते आणि वरचे छप्पर उपड्या नावेसारखे दिसते. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, आहे आणि आज आत बळीच्या कथेतला त्रिविक्रम उभा आहे. लेण्यांमधली चैत्यगृहे आपण पुष्कळ पाहतो, पण ती खडकात कोरलेली असतात. विटांनी बांधलेले आणि इतक्या शतकांनंतर छपरासह उभे असलेले चैत्यगृह भारतात क्वचितच दिसते. पावसाने धुतलेल्या त्या विटांच्या रांगांवरून नजर हळूहळू वर नेली तर गवंड्याने प्रत्येक थर किंचित आत सरकवत कमान कशी मिटवली, हे उघड दिसते.

तेथून रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जावे. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, सापडणाऱ्या वस्तू या गृहस्थांनी आयुष्यभर जमवल्या आणि नंतर त्या शासनाच्या स्वाधीन केल्या. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी आणि नाणी अशा हजारो वस्तू तेथे आहेत. हस्तिदंतात कोरलेली एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेखाली सापडली. तिच्यासमोर मुलांना पाच मिनिटे उभे करावे. वितीएवढीही नसलेली ही वस्तू पाहिली म्हणजे तगरचा माल समुद्रापार जात होता हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोमवारी आणि शासकीय सुट्टीच्या दिवशी संग्रहालय बंद सापडण्याचा संभव असतो, म्हणून तो दिवस तेरसाठी ठेवू नये. संग्रहालय झाले की तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बसावे. आईंना तेथे बरे वाटेल आणि मुलांना चिखल तुडवणाऱ्या कुंभाराची गोष्ट सांगायला त्याहून चांगली जागा नाही.

नळदुर्गबाबत मात्र अपेक्षा आटोक्यात ठेवाव्यात. चित्रांत जे दिसते, ते डिसेंबरमध्ये दिसणार नाही. बोरी नदीवर आदिलशाही काळात जो बांध घातला गेला, त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात बांध भरून वाहू लागला की त्यावरून नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे कोसळतात. त्या वेळी अरुंद जिन्याने उतरून महालाच्या खिडकीशी उभे राहिलात तर डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा असतो, अंगावर तुषार येत असतात आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. हे ऑगस्टपासून फार तर ऑक्टोबरपर्यंत, तेही पाऊस चांगला झाला तरच. हिवाळ्यात बांधकाम मात्र निवांत पाहता येते, आणि एवढ्या पाण्याचा भार पेलणारा दगड न दगड कसा बसवला असेल, हे पाहायला कोरडा ऋतूच बरा. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, तेथे मुलांचा हात सोडू नये आणि आईंना खालीच बसवावे. नळदुर्गच्या खंडोबाचीही एक मनोहर रीत आहे. देव वर्षातले बहुतेक महिने जवळच्या अणदूरला असतात आणि थोड्या काळासाठी नळदुर्गला येतात. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आणि ते वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या पाळले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. तुळजापूर पहाटे करून घेतले असेल तर नळदुर्ग वेगळ्या दिवशी स्वतंत्रपणे करावे. दोन्ही एका दिवसात होतात, पण आईंसाठी ते नको.

उरलेल्या संध्याकाळी लहान ठिकाणांसाठी आहेत. धाराशिवची लेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत आहेत. मुळात बौद्ध आणि पुढे जैनांनी वापरलेल्या या लेण्यांत चार वाजता गेलात तर अंधार पडण्याआधी परत येता. येडशीचे रामलिंग दरीत उतरून आहे. झाडी आहे, माकडे आहेत, पायऱ्याही आहेत.

धाराशिवची उणीवही सांगायला हवी. तेथे बऱ्या दर्जाची हॉटेले मोजकीच आहेत आणि लग्नसराईत तीही भरतात, म्हणून खोली महिनाभर आधी ठरवावी आणि गरम पाणी किती वाजता मिळते हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे, कारण पहाटे साडेचारला निघणाऱ्याला सात वाजताचे गरम पाणी उपयोगाचे नाही. रात्री दहानंतर जेवण मिळणे कठीण असते. वैद्यकीय सोयी लातूरला निश्चितच अधिक आहेत, त्यामुळे आईंना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर या उत्तराचा पुनर्विचार करावा लागेल. तुळजापूरलाच राहावे असेही काही जण सुचवतात. एका रात्रीसाठी ते ठीक आहे, पण गर्दीच्या दिवशी गाडी बाहेर काढणे हेच एक काम होऊन बसते. सोलापूर तुळजापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने येणाऱ्यांना सोयीचे आहे, परंतु तेथून तेर लांब पडते.

मग लातूर कोणासाठी? ज्यांचे तुळजापूर आधी झाले आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना अंबाजोगाई व परळी करायची आहे त्यांच्यासाठी लातूरला पर्याय नाही. अंबाजोगाई लातूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. योगेश्वरीचे मंदिर, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची स्मृती आणि हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी शिवलेणी एवढे सगळे एकाच गावात आहे. दासोपंतांनी भल्या लांब कापडावर लिहिलेली पासोडी हा मराठी भाषेचा अनमोल ठेवा आहे. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नासाठी निघाली, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड तेथेच दगड होऊन राहिले, अशी कथा हत्तीखान्याच्या दगडी हत्तींपाशी उभे राहून ऐकावी आणि मगच परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जावे.

लातूरच्या दक्षिणेचा फेरा मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. औशाचा किल्ला एवढ्या सखल जागी आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. पुढे खरोशाची लेणी लाल जांभ्या दगडात कोरलेली आहेत. वेरूळच्या काळ्या कातळाची सवय झालेल्या डोळ्यांना ती प्रथम ओबडधोबड वाटतात, पण खांबावर तळहात ठेवला की दगडाचे लालसर कण हाताला लागतात आणि इतक्या ठिसूळ दगडात दुमजली लेणे कोरण्याचे धाडस कोणी केले असेल असा प्रश्न पडतो. मूर्ती झिजलेल्या आहेत, त्यांना हात लावू नये आणि मुलांनाही लावू देऊ नये. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर आणि त्याच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहून तेथेच निलंगा राईस खावा. वाटेत किल्लारीची पाटी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या परिसरात जवळजवळ दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आत वळायचे असेल तर स्मारकापाशी शांत उभे राहण्यासाठी वळावे, छायाचित्रांसाठी नव्हे. उदगीरला स्वतंत्र दिवस लागतो. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच भागात, आणि त्याच मोहिमेनंतर सैन्य पानिपताकडे वळले.

संध्याकाळ शहरात घालवायची असेल तर लातूर निःसंशय सरस आहे. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार भरतो, आणि तासभर फिरल्यावर हाती तूरडाळ, मसाले, बांगड्या असे काही ना काही असतेच. शिकवणी वर्गांमुळे परीक्षांच्या आणि प्रवेशांच्या काळात मात्र तेथली हॉटेले पालकांनी भरलेली असतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते.

तेव्हा तुमच्या चार दिवसांचा क्रम मी असा लावीन. पहिल्या दिवशी परंडा आणि बार्शी करत धाराशिवला पोहोचावे, दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर आणि संध्याकाळी लेणी, तिसऱ्या दिवशी सकाळी तेर आणि दुपारी येडशी. चौथ्या दिवशी खोली सोडून नळदुर्गला जावे आणि सोलापूरमार्गे पुण्याला परतावे, म्हणजे तोच रस्ता पुन्हा कापावा लागत नाही. हातात पाचवा आणि सहावा दिवस असेल तर ते धाराशिवहून ताणू नयेत, खोली सरळ लातूरला हलवावी. दोन दिवसांसाठी एकदा सामान बांधण्याचे कष्ट रोज दीडशे किलोमीटर जादा फिरण्यापेक्षा कितीतरी हलके आहेत. हलताना तुळजापूर–औसा रस्ता धरलात तर उजनीला थांबून बासुंदी घ्यावी, आणि आईंना गोड चालत असेल तर एक वाटी त्यांच्यासाठी आधी मागवावी, कारण सणासुदीला दुपारनंतर ती संपलेली असते.